तळ्यात शिरलेली तलवार

सरका पाहू जवळ, आणि पाय पांघरुणात घ्या. फार फार मागं, निळ्याशार तळ्याच्या काठी एक राज्य होतं. तिथं सोन्याच्या मुठीची एक तलवार होती. लढाईची नव्हे, बरं का. तिनं कधी काकडीसुद्धा चिरली नव्हती. पण ती ज्याच्या हातात, त्याचा शब्द सगळ्यांनी मानायचा, अशी तिथली रीत.

मग काय झालं, राजा वारला आणि त्याची एकुलती एक लेक कुमुदा गादीवर बसली. वय कोवळं. मनात सारखी धाकधूक, आपलं कोण ऐकणार? म्हणून ती तलवार घट्ट धरून ठेवी. जेवताना दासी घास भरवी. झोपेतसुद्धा मूठ सुटत नसे.

तशात दोन गावांचं भांडण पेटलं. वरच्या गावानं पाटाच्या तोंडाशी धोंडे रचले. खालच्या गावाचं भात वाळायला लागलं. दोन्ही गावं कोयते घेऊन पाटावर जमली.

प्रधान म्हणाले, "बाईसाहेब, तलवार घेऊन चला. नाहीतर रक्त सांडेल."

कुमुदा निघाली. वाटेत तळ्याशी तोंड धुवायला वाकली, आणि काय सांगू, तलवार हातातच वळवळली. तिची झाली चंदेरी मासोळी, आणि गेली सुळकन पाण्यात. मग कुमुदाही तिच्यामागं पाण्यात शिरली.

पाण्याखाली मऊ हिरवा उजेड होता. कमळांचे देठ खांबांसारखे उभे. तिला श्वास कसा घेता आला, ते मला विचारू नका. मासोळी पुढं, कुमुदा मागं. पहिल्या देठाशी तिचे पणजोबा बसले होते, मुकुट घालून, पेंगत. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"तलवार केव्हाच सुटली," ते म्हणाले, "पण मूठ काही उघडत नाही गं."

मग दुसऱ्या देठाशी आजोबा. त्यांचीही मूठ तशीच. ते नुसते हसले.

मग तिसऱ्या देठाशी तिचे वडील. कुमुदा त्यांच्यापुढं बसली.

"आबासाहेब, तुम्ही मला कधी कडेवर घेतलं नाही."

"हात रिकामा नव्हता, बाळ."

मग कुमुदानं त्यांचं एकेक बोट हळूहळू उलगडलं. आधी करंगळी, शेवटी अंगठा. तो हात त्यांनी तिच्या केसांवरून फिरवला. किती वेळ, कोण जाणे. मासोळी येऊन तिच्या मांडीवर निजली.

"नेऊ का हिला?"

"तुझीच आहे. वाटलं तर ने."

कुमुदानं जरा विचार केला. मग मासोळी अलगद आबासाहेबांच्या ओंजळीत ठेवली आणि ती वर आली.

पाटावर पोचली ती ओलीचिंब. लोकांनी तिच्या हातांकडं पाहिलं. "तलवार कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"तळ्यात आहे. मी आलेय ना," ती म्हणाली, आणि दोन्ही गावांच्या मधोमध चिखलात बसली. तिनं आधी वरच्या गावाला विचारलं, धोंडे का रचले? ते म्हणाले, आमच्या विहिरी आटल्या, गुरं तहानलीत. मग खालच्या गावाला विचारलं. ऊन कलेपर्यंत ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाणी एक दिवस वर, एक दिवस खाली. आता धोंडे काढा."

कुणीच हललं नाही.

मग कुमुदा स्वतःच पाटात उतरली. धोंड्याला हात घातला, पण एकटीला तो हलेना. वरच्या गावची गोदाक्का बराच वेळ बघत होती. तिनं कोयता खाली ठेवला.

"तिकडनं धरा बाईसाहेब," ती म्हणाली. "मी इकडनं धरते."

मग एक जण उतरला, मग दुसरा, मग सगळेच. धोंडे निघाले. पाणी खळखळत खालच्या शेतांत गेलं. त्या वर्षी दोन्ही गावांत भात पिकलं, आणि कुमुदाच्या राज्यात सगळे सुखानं राहिले.

पाणी पोचलं शेतात, आता तुम्ही पोचा झोपेत. मिटा बघू डोळे.