कुरली बेटाचा एकच कायदा

कुरली बेट एवढंसं, की तोंडातला विडा रंगेपर्यंत अख्खं फिरून व्हायचं. घरं साठ, गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि सगळा कारभार चांगुणा कोळणीकडे.

एकदा भर उन्हात सुभेदार विसाजीपंत होडीतून उतरले ते गरजतच. "ना कचेरी, ना शिपाई! हे काय राज्य झालं? आजपासून इथला कारभार माझ्या हाती!"

"बरं झालं बाई," चांगुणा म्हणाली.

ओरडून ओरडून पंतांच्या घशाला कोरड पडली. ते तडक विहिरीवर गेले. तिथे ही भली मोठी रांग! पंतांनी पहिल्याच घागरीला हात घातला, तशी चांगुणा आडवी आली.

"थांबा पंत. आमचा कायदा एकच. कारभार करील त्यानं सगळ्यांच्या शेवटी पाणी घ्यायचं. इतकी वर्षं ती शेवटची जागा माझी होती, आता तुमची. पाहुण्याला मात्र पहिला तांब्या."

पंतांनी रांगेकडे पाहिलं, सुकलेले ओठ चाटले.

"अहो, मी पाहुणाच की!"

चांगुणानं भरला तांब्या त्यांच्या हाती दिला आणि होडीवाल्याला हाक मारली, "भरती आहे तोवर पाहुण्यांना पोचवून ये रे!"