पाठमोरा राजा

एका राज्यात, जिथले डोंगर इतके उंच की ढगांनाही घाटवाटेनेच यावे लागे, शैलध्वज नावाचा राजा होता. त्याने दूर समुद्रातल्या बेटावरची राजकन्या वेलावती राणी करून आणली. दोघांचा एकमेकांवर भारी जीव. पण माणसाला देश बदलता येतो, वेशही बदलता येतो. रीत काही अंगरख्यासारखी उतरवून खुंटीला टांगता येत नाही.

डोंगरातली रीत अशी, की निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. मारलीच कुणी, तर त्याने वळू नये. वळला, तर हाक मारणाऱ्याचा जीव जातो. बेटावरची रीत नेमकी उलटी. नाव सुटली की काठावरच्याने तीन हाका घालाव्या आणि जाणाऱ्याने तिन्ही वेळा वळून पाहावे; ज्याच्यासाठी वळले, तो जगतो. न वळला, तर त्याने नाते तोडले; मग त्याने दिलेली अंगठी पाण्यात टाकावी. ना राजाने आपली रीत सांगितली, ना राणीने विचारली. हे तर जगाला ठाऊक असते, असेच दोघांना वाटे.

एके दिवशी राजा सीमेच्या पहाऱ्यावर निघाला. राणीने सज्जातून हाक दिली. एक दिली, दोन दिल्या, तीन दिल्या. राजाने ओठ आवळले, मान ताठ धरली आणि तो चालत राहिला. राणीच्या डोळ्यांत पाणी तरळले. तिने बोटातली अंगठी काढली आणि महालाच्या तळ्यात भिरकावली.

आता त्या तळ्याच्या तळाशी कपालघंट नावाचा जादूगार लपून राहत होता. राजाने त्याला राज्यातून हाकललेले, म्हणून तो टपूनच बसला होता. अंगठी मुठीत येताच त्याने मंत्र म्हटला, आणि खिंडीत पोचलेला राजा जागच्या जागी शिळा झाला. महालाकडे पाठ, तोंड पलीकडे.

एक साळुंकी उडत सज्जात आली.

"राणी, राजा वळला नाही तो तुझा जीव वाचावा म्हणून. या मुलखाची तशी रीत आहे. आता कपालघंटाने तुझ्या अंगठीवर मंत्र घालून त्याला खिंडीत शिळा केले आहे."

राणीने डोळे पुसले आणि पदर खोचला. "सोडवायचे कसे?"

"तळ्यात उतर, अंगठी आण. ती हाती घेऊन हाक मार. राजा आपण होऊन वळला, तर शाप तुटेल. सातव्या सूर्यास्तानंतर शिळेतला जीव जाईल."

राणीने तळ्यात उडी घेतली. बेटावरचीच ती, पाण्याला थोडीच भिणार? तळाशी कपालघंटाच्या दारात नाग बसला होता. "तीन दिवस माझ्यासमोर बस. शब्द काढलास तर गिळीन." वेलावती म्हणजे माशांशीही गप्पा मारणारी बाई. पण बसली मुकाट्याने. चौथ्या दिवशी नागाने वाट दिली.

आत हिऱ्यामाणकांचे सात रांजण होते, सगळे शापित. परक्या खड्याला बोट लागले की हाताची राख. तिने सहा रांजण नुसत्या नजरेने चाळले. सातव्याच्या तोंडाशीच तिला आपली अंगठी दिसली. तेवढीच उचलून ती निघाली. यात आणखी दोन दिवस गेले.

तिसरे काम उरले. तळ्यातून खिंडीपर्यंत पुरुषभर उंचीच्या सातशे पायऱ्यांचे भुयार. "मागे पाहिलेस तर तूही शिळा," नागाने बजावले. ती दिवसरात्र चढत राहिली. दोनशेव्या पायरीवर मागून आईची हाक आली. चारशेव्या पायरीवर बापाची. शेवटच्या पायरीवर राजाची, "वेलावती, मला इथे एकटा टाकून चाललीस?" तिचे काळीज फाटले. मान आपोआप वळू लागली. तिने दोन्ही हातांनी हनुवटी धरून ठेवली. त्या दिवशी राजाने असेच सोसले असेल, हे तिला तेव्हा कळले.

ती वर आली तेव्हा सातवा सूर्य कड्याला टेकला होता. समोर पाठमोरी शिळा.

"महाराज," तिने हाक मारली. शिळा हलली नाही. "महाराज." शिळेतून खोल आवाज आला, "वळलो तर तू मरशील."

"मागून आपल्याच आवाजात हाक आली, महाराज. मी वळले नाही. आपली रीत मी पाळली, आणि ती किती जड असते ते जाणले. आता माझी पाळा. माझ्या देशात ज्याच्यासाठी कुणी वळते, तो जगतो."

"आणि तुझी रीत खोटी ठरली तर?"

"तर आपले तोंड पाहून मरेन. पाठ पाहून जगायचे नाही मला."

तिने तिसरी हाक मारली. शिळेला तडा गेला, आणि राजा वळला. राणी जिवंत उभी होती. तळ्यात सातही रांजण फुटले, कपालघंटाचे वटवाघूळ झाले आणि उजेडाला भिऊन कायमचे कपारीत शिरले.

राज्याची घडी पुन्हा बसली. आता त्या राज्यात कुणी गावाला निघाला, की घरच्यांकडे तोंड करून उलट्या पावलांनी वेशीपर्यंत जातो. कुणाला मागून हाक मारावी लागत नाही, कुणाला वळावे लागत नाही. राजा पहिल्यांदा तसा निघाला तेव्हा दोनदा धडपडला म्हणतात. राणी सज्जात पोट धरून हसली, आणि तो वेशीपर्यंत तिच्याकडेच बघत गेला.