कापलेला समास

फार जुनी गोष्ट आहे. पुस्तकं अजून हातानं शिवली जात होती तेव्हाची. एखाद्या घरात एखादंच पुस्तक असायचं, आणि ते घरातल्या माणसासारखं जपलं जायचं. गेले ते दिवस!

तेव्हा नदीकाठच्या एका गावात एक बांधणीकार राहायचा. हात असा साफ की बघत राहावं. त्याला भारी अभिमान होता तो पुस्तकाच्या कडांचा. शिवण झाली की पुस्तक लाकडी शिकंज्यात आवळायचं आणि सुरीनं कडा अशा कापायच्या, की बोट फिरवलं तर पानं वेगळी आहेत हे कळू नये.

एकदा एक म्हातारा नावाडी त्याच्याकडे ओव्यांचं जुनं पुस्तक घेऊन आला. पुस्तक त्याच्या बायकोचं. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. पानं सुटली होती.

"जपून कर रे बाबा," एवढंच तो म्हणाला.

पानांच्या समासात बारीक खरड होती. बांधणीकाराला ती मळासारखी वाटली. त्यानं सुरी चालवली, कातरण नेहमीसारखी पुठ्ठ्याच्या लगद्यात भिजत टाकली आणि देखणं पुस्तक नावाड्याच्या हाती ठेवलं.

म्हाताऱ्यानं एक पान उघडलं. दुसरं उघडलं. मग तो कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिला.

"इथं ती लिहायची," तो म्हणाला. "मी नाव घेऊन पल्याड गेलो की तिला बोलायला कोण? मग इथं लिहून ठेवायची. पाणी चढलंय, लवकर या. आज भरीत केलंय. घरी आलो की मी वाचायचो."

बांधणीकाराला आपली चूक कळली. तोंडातून मात्र निघालं, "कडा कुजल्या होत्या, काका. कापाव्याच लागल्या."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "मग माझंच चुकलं. ती गेल्यापासून नावेत जवळ घेऊन बसायचो. ओल लागली असेल. एवढी एक तिची खूण, तीही मला सांभाळता आली नाही." आणि तो उठून चालू लागला.

हे मात्र बांधणीकाराला सोसवेना. चूक आपली, आणि हा म्हातारा ती जन्मभर वाहणार! तो धावत मागे गेला.

"काका, कडा चांगल्या होत्या. मी खोटं बोललो. न वाचताच कापल्या मी."

नावाडी त्याच्यासोबत दुकानात परत आला. रागावलाही असेल, का रागावू नये? दोघांनी लगद्यात हात घालून पाहिलं, पण शाई केव्हाच धुऊन गेली होती.

शेवटी नावाडी म्हणाला, "लिहिता येतं ना तुला? मग बस. मला आठवतंय तोवर लिहून घे."

बांधणीकारानं पुस्तक उसवलं. पानापानाला नव्या कागदाची पट्टी खळीनं चिकटवली. नावाडी सांगत गेला, तो लिहीत गेला. म्हातारा मध्येच हसायचा, मध्येच डोळे पुसायचा. कितीतरी पट्ट्या कोऱ्याच राहिल्या. त्या आता कधीच भरणार नव्हत्या, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर बांधणीकार सुरी उचलण्याआधी प्रत्येक पान कडेपर्यंत वाचू लागला. त्याच्या पुस्तकांच्या कडा पुढे तितक्या गुळगुळीत राहिल्या नाहीत. तरी लांबलांबच्या गावची माणसं आपल्या गेलेल्या माणसांची पुस्तकं त्याच्याकडेच आणत.

तेव्हा लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: लपवलेली चूक दुसऱ्याच्या माथी बसते, कबूल केलेली चूकच आपल्याला शहाणं करते.