झिमाईची हाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते सांगायला कुणी उरलं नाही. घाटमाथ्यावर दोन सख्ख्या भावांनी एकाच गादीवर हक्क सांगितला, आणि त्यांच्या लढाईत गावंच्या गावं उभी चिरली. एका चुलीवर जेवणारे दोन फौजांत गेले.

धनगरवाड्यावरच्या झिमाचंही तसंच झालं. नवरा सिदू थोरल्या सरकारांकडे, भाऊ म्हाकू धाकट्यांकडे. आई लवकर गेलेली, म्हणून म्हाकूला झिमानंच पाठीशी बांधून वाढवलं होतं.

धाकट्यांच्या फौजेचा मोड झाला. म्हाकू रानात लपला. श्रावणातलं धुकं इतकं दाट, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. शोधणारे फिरून थकले. तेव्हा सिदू घरी आला.

"सरकारांनी माफी दिलीया. पोराला रानात कुजवतीस व्हय? तू हाक मार, तो येईल."

"धनी, खरं?"

सिदूनं शपथेला बिरोबाचा भंडारा उचलला आणि कपाळाला लावला. मग झिमानं विश्वास ठेवला. ती खिंडीत जाऊन उभी राहिली.

"म्हाकूऽ, ये रं. मी हाय!"

म्हाकू आला. हत्यार टाकून, हसत आला, असं म्हणतात. खडकामागून सहा भालाईत उठले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बहिणीकडे पाहून एवढंच म्हणाला, "आक्का, तू?"

म्हाकूच्या जिवाच्या बदल्यात सिदूला घोडा मिळाला, लाल पागोटं मिळालं. झिमानं घर सोडलं आणि खिंडीतच दगड रचून राहिली. निम्मे लोक म्हणत, हिनं भावाला खाल्लं. उरलेले म्हणत, हिनं नवरा टाकला. ती पाणवठ्यावर आली की बायका घागरी उचलून निघत. वर्षानुवर्षं तिच्याशी माणूस बोललं नाही. ती मेंढरांशी बोलायची, पुढं तेही थांबलं.

मग एका धुक्यात दरीच्या कडेनं कुणी रडतंय असं तिला ऐकू आलं. थोरल्यांच्या फौजेतला शिपाई वाट चुकला होता. अजून एक पाऊल, की खाली नुसती पोकळी. झिमानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्या दिवसापासून तिनं कुणाला हाक मारलीच नव्हती. शेवटी घसा फाटल्यागत ती ओरडली, "इकडं ये रं! वाट इकडं हाय!"

तो आला. तिनं त्याला आंबील दिली. तू कुणाचा, ते विचारलं नाही.

तेव्हापासून धुकं उतरलं की झिमा हाक मारायची. तिची हाक सात दऱ्यांत घुमायची आणि धुक्यात पायवाटेएवढी फट पडायची, असं म्हणतात. थोरल्यांची माणसं आली, धाकट्यांची आली. एकदा एक म्हातारा चाचपडत आला.

"कोण?"

"मी. सिदू."

सिदू कड्यावर थिजून उभा. मग ती म्हणाली, "डाव्या अंगानं या. पाय संभाळा." तो वाटेला लागेपर्यंत ती बोलत राहिली. पाणीही दिलं. पण तोंड फिरवून बसली, आणि तो गेला तरी वळली नाही.

एका श्रावणात लोक वर गेले, तर चूल गार होती आणि खिंडीत कुणी नव्हतं. हाक मात्र तीन दिवस, धुकं विरेपर्यंत येत राहिली, असं म्हणतात.

आता खिंडीतून डांबरी रस्ता गेलाय. तरी धुकं उतरलं की घरटी एक माणूस पाळीनं तिथं उभा राहतो आणि झिमाईच्या नावानं हाक देतो. आलेल्याला गरम आंबील मिळते. गाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. भावकीत वैर असलेली घरंही पाळी चुकवत नाहीत. एकाचा घसा बसला, की ज्याच्याशी बोलणं तुटलंय तोच पुढं होतो आणि हाक उचलतो.