गाडीभर रिकामे क्रेट

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा महाविद्यालयात एकदा मृणाल नावाची एक विद्यार्थिनी मालवाहतुकीचे आणि पुरवठ्याचे शास्त्र शिकायला आली. शिकायला आली हे म्हणायचे आपले. खरे पाहता पहिल्या महिन्यातच त्या शास्त्राने तिला झपाटून टाकले. चहाचा कप हातात आला की प्यायचे सोडून ती मळ्यापासून कपापर्यंतचा चहापत्तीचा प्रवास सांगू लागे. ऐकणाऱ्यांचा चहा संपे, हिच्या कपावर साय धरे. सुट्टीत घरी गेली तेव्हा 'जे जास्त लागते ते हाताशी' या तत्त्वाने तिने आईचे सगळे स्वयंपाकघर नव्याने लावले आणि पुढे आठवडाभर आईला हिंग सापडला नाही. आई म्हणाली, "तुझं शास्त्र थोर आहे ग बाई, पण माझी फोडणी करपली."

तशी ही आईसुद्धा आपल्या परीने मालवाहतूकच करीत होती. दर गुरुवारी ती गावच्या स्टँडवर जाऊन एसटीच्या कंडक्टरच्या हाती मृणालसाठी डबा देई. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी नाचणीचे लाडू. दुपारी मृणाल इकडच्या स्टँडवर डबा घ्यायला जाई तेव्हा तिचा आनंद लाडवांपेक्षा त्या व्यवस्थेचाच जास्त असे. ना गोदाम, ना पावती, आणि सकाळी वळलेला लाडू दुपारी तोंडात! रिकामा झालेला डबा मात्र धुऊन कॉटखाली सरकवला जाई. "डबे पाठव ग," असे आई फोनवर म्हणे, मृणाल "हो, हो" म्हणे आणि लगेच आपल्या अभ्यासाविषयी भरभरून बोलू लागे. अलीकडे काही गुरुवार घरून काहीच आले नव्हते. आईला वेळ होत नसेल, किंवा ती आपल्यावर रागावली असेल, असे वाटून मृणालला आतून लागले होते. पण विचारायचे राहून गेले, कारण परीक्षा तोंडावर आली होती.

ती परीक्षाही न्यारीच होती. मृणालचे गुरू वयोवृद्ध होते. महाविद्यालयात सारे त्यांना आचार्य म्हणत. उमेदीची वर्षे त्यांनी एका मोठ्या पेढीचा माल प्रांतोप्रांती पोचवण्यात घालवली होती, आणि त्या उन्हातान्हाने त्यांचे बोलणे फार कमी करून ठेवले होते. शेवटच्या सत्राला ते प्रश्नपत्रिका काढीत नसत. विद्यार्थ्याला खरा माल देत, खरी गाडी देत आणि पलीकडे खरोखर वाट पाहणारा माणूस देत. माल वेळेवर पोचत राहिला तर उत्तीर्ण. मध्ये खंड पडला तर पुन्हा वर्षभर शिकायचे.

मृणालच्या वाट्याला अंजिरे आली.

अंजीर हे मोठे मानी फळ आहे. ते झाडावरच पिकते, तोडल्यावर पिकत नाही. पिकल्यावर थांबत नाही, आणि एकावर एक रचलेले त्याला मुळीच खपत नाही. म्हणून उथळ क्रेटमध्ये पाने अंथरून त्याचा एकच थर लावतात. माथ्यावरच्या बागांमधली अंजिरे आजवर घाटाखालचा दलाल म्हणेल त्या भावाने जात. यंदा तिथल्याच एका बागेच्या मालकीण अनुसयाकाकूंनी बागवाल्यांचा एक गट उभा केला होता, आणि शहरातले एक फळांचे व्यापारी त्यांच्याकडून थेट माल घ्यायला तयार झाले होते. या शेठनी अट मात्र कडक घातली होती. पहिला आठवडा रोज संध्याकाळच्या विक्रीला अंजीर दुकानात हवे. एक दिवस जरी चुकला तरी करार मोडला.

"पोरी," अनुसयाकाकू मृणालला म्हणाल्या, "ह्यो आठवडा निभला तर आमी त्या दलालाच्या दारात पुन्यांदा जाणार न्हाई. न्हाई निभला तर मान खाली घालून जावं लागंल. आता तुज्या हातात."

मृणालचे काळीज असे उड्या मारू लागले की तिला जेवण गेले नाही. तिने आराखडा तयार केला आणि तो खरोखरच सुरेख होता. पहाटे तोडणी, उन्हे तापायच्या आत टेंपो घाटाखाली, दुपारपूर्वी शहरात. आणि तिच्या मते सर्वांत मोठी करामत पुढेच होती. परतीची गाडी रिकामी धावू देणे हे या शास्त्रात पाप समजतात. म्हणून तिने शहरातल्या एका मंडपवाल्याला गाठून माथ्यावरच्या सभागृहासाठी येणाऱ्या त्याच्या खुर्च्या परतीच्या गाडीत भरायचे ठरवले. जाताना भाडे, येतानाही भाडे! रिकामे क्रेट शहरातच साठू द्यायचे आणि रविवारी एकदम आणायचे. तोवर पुरतील एवढे क्रेट गटाच्या पत्र्याच्या शेडला टेकून पार वळचणीपर्यंत रचलेले होतेच.

आचार्यांनी आराखडा वाचला. "छान आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढे निघाले म्हणून मृणाल वर्गभर नाचली.

पहिला दिवस दृष्ट लागावी असा गेला. दुसराही तसाच. शेठनी एक अंजीर उलगडून खाल्ले, डोळे मिटले आणि "पाठवत राहा" म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून माथ्यावर ऊन एकाएकी चढले. फळ धडाधड पिकू लागले, रोजच्यापेक्षा कितीतरी अधिक क्रेट भरू लागले. चौथ्या दिवशी सकाळी टेंपो असा गच्च भरला की मागची फळी लावताना तिघांना रेटावे लागले. मृणालने शेडकडे पाहिले. क्रेटच्या थप्पीमागे दडलेली भिंत प्रथमच उघडी पडली होती. "आज सगळेच्या सगळे गेले!" ती आनंदाने ओरडली.

आचार्य रोजच्या फेरफटक्याला तिकडे आले होते. त्यांनीही त्या भिंतीकडे पाहिले. मग ते काठी सावरत टेंपोत चढून बसले. "आज मीही येतो," ते म्हणाले. गुरू स्वतः आपले काम पाहायला येताहेत म्हणून मृणालला घाटभर आणखीच स्फुरण चढले.

शहरात अंजिरे उतरली. शेठ खूश होते. मंडपवाल्याची माणसे खुर्च्या गाडीत चढवू लागली, निम्म्याअधिक चढल्याही. तेवढ्यात आचार्य गाडीमागे जाऊन उभे राहिले.

"या खुर्च्या उतरवा," ते म्हणाले, "आणि दुकानामागे पडलेले रिकामे क्रेट मावतील तेवढे भरा."

मृणालला आपण चुकीचे ऐकले असे वाटले. "आचार्य, रिकामे क्रेट भरलेल्या क्रेटएवढीच जागा खातात. एकही खुर्ची मावणार नाही. गाडी रिकामी धावेल!"

"होय," आचार्य म्हणाले.

मंडपवाला तावातावाने भांडायला उठला. शेठ हसत म्हणाले, "आचार्य, घाटावर हवा कमी पडली की काय? इथून गाडी भरून नेताय ती?" हमालांनाही हसू आवरेना. मृणालचा चेहरा लालबुंद झाला. चार दिवस जिची वाहवा झाली ती आपली करामत सगळ्या बाजारासमोर उतरवून ठेवली जात होती, आणि उतरवणारे दुसरे कोणी नव्हते, तिचे गुरू होते. तिला राग आला, रडू आले, आणि दोन्ही गिळावे लागले.

"खुर्च्यांची जबाबदारी माझी," आचार्य मंडपवाल्याला म्हणाले. "दुसरी गाडी मिळेपर्यंत मी इथून हलत नाही." आणि उतरवलेल्या खुर्च्यांपैकीच एक उघडून ते भर रस्त्याच्या कडेला बसले. मग मृणालकडे वळले. "तू या गाडीबरोबर वर जा. आत्ताच नीघ."

गाडी घाट चढू लागली. वळणावळणाला मागे क्रेट खडखडत होते आणि तो खडखडाट मृणालला आपल्या फजितीवरचे हसू वाटत होता. प्राचार्यांकडे तक्रार करायची, असे तिने ठरवले. म्हातारपणी माणसाची समज कमी होते हे वाक्य सभ्य भाषेत कसे मांडावे, याचीही तिने जुळवाजुळव केली. ते जमेपर्यंत माथा आला.

बागेत शिरताच तिला दिसले ते असे. ऊन अजून उतरायचे होते. झाडांवर अंजिरे पिकून मऊ पडली होती, काहींची साल तडकू लागली होती. आणि तोडणीच्या बायका झाडांखाली नुसत्या बसून होत्या. हात मांडीवर ठेवून, वर बघत.

अनुसयाकाकू धावत आल्या. "अगं, फळ सकाळपर्यंत दम धरत न्हाई आता, सांजच्याला दुसरी तोडणी करावीच लागती. पर तोडून ठिवायचं कशात? पदरात? सकाळपासनं एक क्रेट न्हाई! फळ हाय, माणसं हायती, अन् उद्याची गाडी रिती जाती का काय म्हनून जीव नुसता..." आणि त्यांची नजर मृणालच्या मागे टेंपोकडे गेली. फळी खाली पडली तशा त्या मध्येच थांबल्या. "क्रेट आनलेस!" त्या ओरडल्या. "अगं बायांनो, उठा! क्रेट आलं!"

सगळ्या बागेत एकच गलका उडाला. बायका पदर खोचत धावल्या. ज्या क्रेटना शहरात सारे हसले होते ते इथे लग्नातल्या आहेरासारखे हातोहात उतरले, पाने अंथरली गेली, फांद्या वाकल्या. मृणालही मदतीला वळली. समोर शेडची उघडी भिंत होती. हीच भिंत पाहून आपण सकाळी आनंदाने ओरडलो होतो, हे आठवून तिला मनस्वी लाज वाटली. मग तीही क्रेट उचलू लागली, आणि लाज कुठल्या कुठे पळाली. दिवस मावळेपर्यंत क्रेटच्या थप्प्या पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी भरलेल्या. उद्याची गाडी जाणार होती! त्या बायकांपेक्षाही मोठ्याने मृणालच हसत होती.

तिन्हीसांजेला दुसऱ्या एका टेंपोतून, खुर्च्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेले आचार्य येऊन पोचले. मृणाल त्यांच्या पाया पडली. तक्रारीचे सभ्य वाक्य ती केव्हाच विसरली होती.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होते," ती म्हणाली. "मग आधी का नाही सांगितलेत?"

"मला कुठले माहीत असायला!" आचार्य म्हणाले. "ऊन काही मी पाठवीत नाही. तुझा आराखडा खरोखरच छान होता. आज सकाळी भिंत उघडी दिसली तेव्हा मला कळले." मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बाळ, भरलेली गाडी निघाली की सारे लोक टाळ्या वाजवतात. रिकामी परतणारी गाडी कोणाच्या नजरेत भरत नाही. देणाऱ्याचा हात पुष्कळदा माल संपला म्हणून थांबत नाही, ठेवायला भांडे उरले नाही म्हणून थांबतो. तू घेऊन जायची वाट उत्तम आखलीस. परत करायची वाट तुला भाड्याच्या नादात दिसली नाही. उद्याचे फळ त्या रिकाम्या क्रेटमधूनच निघते. ते आधी पोचव. जागा उरली तर खुर्च्या खुशाल ने."

मृणालने मान हलवली. पण तिचे लक्ष आता बागेत नव्हते. 'ठेवायला भांडे उरले नाही' या शब्दांपाशी ती अडकली होती. तिला वसतिगृहातली आपली कॉट दिसत होती.

आठवडा पार पडला. एकही संध्याकाळ चुकली नाही. शेठनी सबंध हंगामाचा शब्द दिला, आणि त्या दिवशी अनुसयाकाकूंनी मृणालच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटे मोडली. मृणाल उत्तीर्ण झाली हे वेगळे सांगायला नको.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तिने कॉटखाली हात घातला. स्टीलचे डबे, पितळी कडीचा एक, झाकणावर आईचे नाव कोरलेला एक, निघतच राहिले. ते सगळे तिने पुन्हा घासले. डबा रिकामा परत करू नये ही आपली रीत आहे, म्हणून वरच्या डब्यात पाने अंथरून काकूंनी दिलेली अंजिरे एका थरात लावली. स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हाती ते देणे सोपे होते. पण ती स्वतःच एसटीत बसली.

दारात तिला आणि डब्यांनी फुगलेल्या तिच्या पिशवीला पाहून आई आधी हसली. "अग, एकदम एवढे! मला वाटलं, मेले सगळे हरवलेस."

"आई," मृणालने विचारले, "गेले काही गुरुवार तू काही पाठवलं नाहीस. रागावली होतीस?"

"रागावते कशाला? करत होते की दर गुरुवारी." आईने ओट्यावरच्या पातेल्यावरची ताटली सरकवली. आत नाचणीचे लाडू होते. "पिशवीत घालून बघितले, तर स्टँडवर पोचेपर्यंत भुगा झाला. मग आपले शेजारीपाजारी वाटून टाकायचे. घरात डबाच नव्हता ग एक."

मृणालच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने एक डबा उघडून आईपुढे धरला, आणि आई त्यात एकेक लाडू ठेवू लागली.

वाचकहो, आपल्याकडे जिथून भरून येते तिथले काय परत जायचे राहिले आहे, हे आज घरी गेल्यावर एकदा कॉटखाली वाकून पाहावे.