पाळण्याच्या दांड्याचं गलबत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या बंदराला अजून कुणी नावही दिलं नव्हतं. सगळे त्याला नुसतं बंदर म्हणत आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नसे. लहानांनी ही गोष्ट कान देऊन ऐकावी. मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करून ऐकली तरी चालेल.

त्या बंदरात गलबत बांधायची एक रीत होती. मोठ्या गलबताचं सामान येऊन पडलं, की बंदराचा म्हातारा नाखवा त्यातलाच थोडा थोडा भाग काढून एक गाठोडं बांधी. तेच सागवान, तेच शिडाचं जाडंभरडं कापड, तोच काथ्या, त्याच लोखंडाचे बारीक खिळे. सुताराने या गाठोड्यातून आधी हातभर लांबीचं लहान गलबत करायचं आणि खाडीकाठच्या दगडी कुंडात सोडायचं. सात भरत्या ते सरळ उभं राहिलं, तरच मोठ्याला हात लावायचा. कललं, तर का कललं ते शोधायचं. गाठोड्याबाहेरची काडीसुद्धा त्यात घालायची नाही.

बंदरात जिवाजी नावाचा सुतार होता. हाताला गुण असा, की त्याने तासलेल्या फळीवरून गाल फिरवावा. पण बुडाला मात्र स्थिरता नाही. पाटावर नीट मांडी घालून जेवलेला जिवाजी त्याच्या बायकोला, आवडीला, लग्नानंतर कधी दिसला नव्हता. एक घास घरात, दुसरा दारात आणि तिसरा रंध्यापाशी. काम हाती घेतलं की आधी उजव्या बाजूला उभा राही आणि ती बाजू अशी घोटून काढी की पाहत राहावं. डाव्या बाजूला येईपर्यंत त्याचं मन पुढच्या कामाला जाऊन पोचलेलं असे. मग चार हात मारायचे आणि मोकळं व्हायचं.

त्या वर्षी जे गलबत बांधायचं होतं, ते त्याच्या धाकट्या भावाचं होतं. मालूने दहा वर्षं दुसऱ्यांच्या गलबतांवर खलाशी म्हणून दोर ओढले होते. आता तो स्वतःच्या गलबताचा तांडेल होणार होता. पावसाचा जोर ओसरला, समुद्राला नारळ वाहिला, की अकरा माणसं घेऊन निघायचं, असं ठरलं होतं. मालूचं सगळं आयुष्य आता दादाच्या हातात होतं, आणि दादाला ते ठाऊक होतं. म्हणून तर तो जास्तच अस्वस्थ होता.

गाठोडं मिळालं तसं त्याने आठ दिवसांत लहान गलबत केलं. सकाळच्या भरतीला कुंडात सोडलं आणि काठावर उभा राहिला. गलबत डोललं, थांबलं आणि बोटभर डावीकडे कललं.

जिवाजीने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने गलबत उचललं, पंच्यात गुंडाळलं आणि घर गाठलं.

आता रीत काय सांगत होती? का कललं ते शोध. पण शोधायचं म्हणजे एका जागी बसायचं, पुन्हा पुन्हा पाहायचं, आणि तेवढा धीर त्याच्याकडे कुठला? त्याने गाठोड्याकडे पाहून नाक मुरडलं. आवडीला म्हणाला, असल्या गोणपाटाचं शीड लावल्यावर दुसरं काय होणार. परदेशी व्यापाऱ्याकडे जाऊन त्याने आपली सर्वांत चांगली पटाशी दिली आणि हातभर मलमल आणली. मलमलीचं शीड चढलं. गलबत जरा कमी कललं.

झालं, त्याला चटक लागली. काथ्या जाड वाटला म्हणून आवडीच्या लग्नातल्या शालूचा रेशमी धागा उसवून दोर वळले. आवडीने फाटका काठ त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, माझ्या शालूत बसून कुणी समुद्रावर निघालंय का? जिवाजी हसला नाही. डोलकाठी सागाची होती, ती काढून वेळूची केली. लोखंडी खिळे उपटून पितळी मारले. प्रत्येक बदलाबरोबर गलबत थोडं थोडं सावरत होतं, पण कुंडाच्या काठावर बसून नीट पाहिलं तर डावीकडचा तो कल दिसतच होता. जिवाजीची झोप उडाली. बोलता बोलता तो मधेच गप्प होई आणि बोटांनी हवेत काहीतरी मापत राही.

शेवटी त्याची नजर माळ्यावरच्या पाळण्यावर गेली. जिवाजी आणि मालू दोघेही त्यात वाढले होते. पाळण्याचा आडवा दांडा जुन्या शिसवीचा होता, दगडासारखा जड. आईने जाताना सांगितलं होतं की हा मोडू नका. जिवाजीने करवत लावली, दांडा कापला आणि त्याचा गलबताच्या तळाचा कणा केला. खलाशी त्याला पठाण म्हणतात. सागाचा पठाण काढून शिसवीचा बसवला, आणि गलबत कुंडात जे उभं राहिलं ते हललंच नाही. वर सगळं हलकं, खाली सगळं जड. दुसरं काय होणार?

गाठोड्यातलं मूळ सामान त्याने त्याच फडक्यात बांधलं आणि भुश्श्याच्या ढिगात खुपसून ठेवलं.

सात भरत्या झाल्या. सातव्या भरतीला सगळं बंदर कुंडापाशी जमलं. बायकांनी मलमलीच्या शिडाचं कौतुक केलं, खलाशांनी पितळी खिळे मोजले.  नाखव्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्याने गलबत हातात घेऊन खालवर केलं.

"वर हलकं लागतंय, खाली जड लागतंय. जिवाजी, हे गाठोड्यातलंच आहे ना?"

मालूचा हात तेव्हा जिवाजीच्या खांद्यावर होता. जिवाजी म्हणाला, "गाठोड्यातलंच आहे, बाबा."

माणसाने खोटं बोलावं, पण भावाचा हात खांद्यावर असताना तरी बोलू नये. जिवाजीला ते तेव्हाच लागलं. पण त्याने मनाची समजूत घातली, की मोठं गलबत मोठं असतं, ते आपल्या वजनाने बसेल.

पावसाळाभर तो मांडवाखाली मोठं गलबत बांधत होता. सागाचा पठाण, जाडंभरडं शीड, काथ्या आणि लोखंड, सगळं नाखव्याने दिलेलं. उजवी बाजू त्याने घोटून काढली. डावीकडे आला तेव्हा नारळाचा दिवस तोंडावर आला होता, म्हणून चार हात मारून मोकळा झाला. अन्न गोड लागेना. आवडी विचारी, काय झालंय? तो म्हणे, काही नाही, घाई आहे.

समुद्राला नारळ वाहिला गेला. गलबत पाण्यात उतरलं, त्यात गोणी भरल्या गेल्या आणि सगळ्यांच्या देखत ते डावीकडे कललं. लहान गलबत बोटभर कललं होतं, हे हातभर कललं.

खलाशी एकमेकांकडे पाहू लागले. एकाने हळूच तांडेलाला म्हटलं, की आज निघायला नको. मालू त्याच्यावर रागावला.

"लहान गलबत सात भरत्या सरळ उभं होतं. साऱ्या बंदरानं पाहिलंय. दादाच्या हातात खोट नाही, तुम्हीच माल वाकडा भरलाय. गोणी उजवीकडे ओढा आणि दोर सोडा."

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या जिवाजीने हे शब्द ऐकले. गोणी उजवीकडे सरकल्या, गलबत वरवर सरळ झालं. भूशिराला वळसा घातला की तिथे आडवा वारा असतो, एका उसळीत गोणी घसरतील आणि मग काय होईल, हे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एका खलाशाने दोराला हात घातला. जिवाजी अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात शिरला. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा त्याने हाक मारली.

"मालू, खाली उतर. लहान गलबत पहिल्याच दिवशी कललं होतं. मी सामान बदललं. त्याचा पठाण आपल्या पाळण्याचा आहे."

मालू त्याच्याकडे बघत राहिला. मग गलबतावरून उतरला. त्याच्यामागून अकराही माणसं उतरली.

नाखव्याने भुश्श्याच्या ढिगातून गाठोडं आणवलं. दुसऱ्या दिवशी जिवाजीने सगळ्यांसमोर बसून लहान गलबतावरून मलमल, रेशीम, पितळ, वेळू आणि शिसव काढली आणि पहिलं सामान परत बसवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तो इतका वेळ एका जागी बसलेला आवडीने पाहिला, आणि तिला रडू आलं. गलबत कुंडात सोडताच बोटभर डावीकडे कललं.

नाखव्याने ते उचललं आणि दोन्ही कुशींवरून आंधळी बोटं फिरवली. उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा, मग पुन्हा उजवीकडे.

"इकडून रंधा दोनदा फिरलाय," तो म्हणाला. "तिकडून एकदाच. डावी कूस जाड राहिली, म्हणून वजन तिकडे गेलं. सामानाचा काही दोष नाही, बाबा. ते पहिल्या दिवसापासून तुला हेच सांगत होतं."

जिवाजीने मान खाली घातली. त्याला मालूच्या तोंडून शिव्या हव्या होत्या, निदान मन हलकं झालं असतं. पण मालू शांतपणे म्हणाला, "दादा, तेव्हा सांगितलं असतंस तर हातभरच लाकूड वाया गेलं असतं."  तो ओहोटीत किनाऱ्यावर आडव्या पडलेल्या आपल्या गलबताकडे पाहत उभा राहिला.

गलबत ओढून मांडवात घेतलं. डाव्या कुशीच्या फळ्या एकेक करून उतरवल्या, तासल्या आणि पुन्हा बसवल्या. त्यात सबंध हंगाम गेला. एका सकाळपुरता तांडेल झालेला मालू त्या वर्षी पुन्हा दुसऱ्याच्या गलबतावर खलाशी म्हणून दोर ओढायला गेला. अकरा माणसांच्या घरी मात्र कुंकू शाबूत राहिलं.

पुढच्या वर्षी ते गलबत निघालं आणि आडव्या वाऱ्यातून सरळ गेलं. जिवाजी म्हातारा होईपर्यंत गलबतं बांधत राहिला, पण त्या दिवसापासून तो काम डाव्या बाजूने सुरू करी. बोटभर कललेलं ते लहान गलबत त्याने मांडवाच्या दारात टांगून ठेवलं होतं. नवं गाठोडं उघडण्याआधी तो ते गलबत कुंडात सोडी आणि कललेलं नीट पाहून घेई. पाळण्याचा दांडा मात्र पुन्हा जोडता आला नाही.

हाताची चूक भारी सामानाने सुधारत नाही, नुसती झाकली जाते.