श्वासावर हलणारी खुर्ची

“...आणि रिकामी खुर्ची हलवायची नसते, एवढं तरी तुम्ही तिला सांगाल की नाही, बाबा?”

विचारणारे रेठरेकर सर. ते मिरजेबाहेरच्या तकियात, दस्तगीर बाबा फकिरांच्या मठीत, विटक्या चटईवर, पँटची इस्त्री सांभाळत बसले होते. सरांचा फकीर-बुवांवर विश्वास नव्हता. त्यांच्या पत्नीचा, शैलाताईंचा, होता. म्हणून सर निरोप्याच्या शोधात आले होते.

“कसली खुर्ची?”

“झुलती. पायांखाली कमानी असतात ती.”

“खुर्चीला कमानी कशाला?”

सर खुलले. कॉलेजात त्यांनी जन्मभर फर्निचरची रचना शिकवली होती, आणि समोरच्याला उठून जाता येत नसलं की ते विशेष रंगत.

“कल्पना मूळ पाळण्याची. जमिनीवरच्या पाळण्याला खाली कमानी असत. पुढं कुणाला तरी वाटलं, पोरांनीच का झुलावं? त्यानं त्याच कमानी खुर्चीला लावल्या. लोकांना वाटतं, सोपं आहे. कमान जास्त गोल झाली की माणूस मागं उलटतो. जास्त सपाट झाली की खुर्ची हलत नाही. मागची टोकं लांब ठेवावी लागतात. माझी कधी उलटायची नाही.”

“कुणासाठी केलीत?”

“मुलासाठी. निरंजनसाठी.” आवाज व्याख्यानाचाच होता. “आजारात पायांत जोर उरला नव्हता. जमिनीला रेटा देणार कसा? म्हणून मी कमान अशी काढली, की नुसत्या श्वासानं खुर्ची हलावी. अशी दुसरी या जिल्ह्यात सापडणार नाही.”

“हलायची?”

“रात्रंदिवस.”

चिंचेवर कावळ्यांचं भांडण चाललं होतं.

“पोरगा गेला, ते कसं कळलं?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“थांबली...”

मग सर घाईनं पुढं बोलू लागले.

“तेव्हापासून ही खुर्चीजवळ जमिनीवर बसते आणि हातानं हलवत राहते. धड जेवण नाही, झोप नाही. शेजारणींनी सांगितलं, रिकामा पाळणा हलवू नये, तसंच हे. ऐकत नाही. मी रागावलो. उद्या सुतार बोलावलाय, दोन्ही कमानी करवतीनं उतरवतो. तर म्हणते, करवत लावलीत तर मी विहीर जवळ करीन.” सरांनी चटईचं दुमडलेलं टोक सरळ केलं. “ती बोलते तसं करते, बाबा. तुमचा शब्द मानते, म्हणून आलो.”

“तुम्ही कधी बसलात त्या खुर्चीत?”

“मी?”

“कमान जमली का, ते बघायला तरी.”

“त्याच्या वजनाएवढं वाळूचं पोतं ठेवून पाहिलं होतं.”

“पोत्यानं तक्रार केली नसेल.”

“बाबा, चेष्टा पुरे.”

“बरं. पोरगा गेल्यावर बसलात?”

“मी कशाला बसू? त्याची जागा आहे ती!”

सर एवढ्या मोठ्यानं ओरडले, की कावळ्यांनी भांडण अर्धवट टाकून चिंच सोडली.

बाबा पुढं सरकले. त्यांनी तळवा सरांच्या छातीवर ठेवला. सरांना तो झटकावासा वाटला. झटकवेना.

तळवा निश्चल होता.

आपण श्वास कोंडून धरलाय, हे सरांना तेव्हा कळलं. मग तो सुटला. त्याबरोबर जो आवाज बाहेर पडला, तो त्यांच्या कुठल्याच वर्गानं कधी ऐकला नसेल.

बराच वेळ गेला... बाबांचा तळवा आता वरखाली होत होता.

“सुताराला नको म्हणून कळवा,” बाबा म्हणाले. “घरी जा, आणि बसा त्या खुर्चीत. बाईचा हात भरून आला असेल.”